अधिक एक

मंगळवारी सकाळी अकरा वीसला कातर कँटीनमध्ये आली आणि गालात कापसाचा बोळा धरून धाकटीच्या समोर धपकन बसली. कातर म्हणजे नर्सिंगच्या वर्गातली मैत्रीण. जीभ अशी चालायची की वर्गाने पहिल्याच महिन्यात तिचं हे नाव ठेवलं होतं. आज मात्र जीभ अडखळत होती, कारण नऊ वाजता दंतवैद्याने तिची अक्कलदाढ काढली होती.

"गेली अक्कल?" धाकटीने विचारलं.

"होती तेवढी गेली. हसवू नकोस, टाका तुटेल. आज माझा शून्यावा दिवस आहे."

"कितवा?"

"शून्यावा! ऑपरेशनचा दिवस शून्य, उद्या पहिला. त्याच्या पुढे सगळे लाड. आज मला कॉफी तू आणून द्यायचीस."

धाकटी हसत उठली. दोन पावलं गेली आणि परत वळली.

"ऑपरेशनचा दिवस शून्य? हे तू मनाने म्हणतेयस की असंच मोजतात?"

"असंच मोजतात की गं. पहिल्या वर्षी शिकवलं होतं." कातरने कापूस जिभेने सरकवला. "अगं हो, तो गुरुवारचा तास. तेव्हा तू तुझ्या दुसऱ्या सासरी पळालेली असायचीस."

धाकटी पुन्हा खाली बसली. हातातला रिकामा कप तिने टेबलावर ठेवला, तो बशीवर न बसता बाजूला पडला.

संगणक आणि नर्सिंग असा जोड अभ्यासक्रम विद्यापीठाने तीन वर्षांपूर्वी काढला होता. त्यात सहा जण होते. संगणकाची मुलं त्यांना 'सुया' म्हणत आणि नर्सिंगच्या मुली 'माऊस'. घरी ताईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "लोकांना एक सासर झेपत नाही, आमच्या धाकटीने हौसेने दोन केली." ती थट्टा होती, पण खरी होती. दोन्ही घरांनी आपापली वेळापत्रकं एकमेकांना न विचारता लावली होती. गुरुवारी दहा ते अकरा नर्सिंगचं व्याख्यान आणि साडेदहाला संगणकाची लॅब. पहिलं वर्षभर धाकटी दर गुरुवारी दहा पंचवीसला मागच्या दाराने निघायची. राहिलेलं ती मैत्रिणींच्या वह्यांतून उतरवून घ्यायची, अगदी ओळीनओळ. पण ऑपरेशनचा दिवस शून्य धरतात हे एकाही वहीत नव्हतं. सगळ्यांना ते इतकं सोपं वाटलं होतं की कोणी लिहूनच घेतलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिने शस्त्रक्रियेच्या वॉर्डासाठी एक यादी केली होती. रोज सकाळी सातला प्रिंटरमधून कागद यायचा: कितवी खाट, कितवा दिवस, आज काय करायचं. पाण्याचे घोट, चालवणं, टाके, नळ्या. ऑपरेशनची तारीख घालायची, बाकी हिशोब यंत्राचा. यंत्र शून्यापासून मोजतं, हे संगणकाच्या पहिल्या तासाला शिकवतात आणि जन्मभर विसरू नका म्हणून बजावतात. धाकटी विसरली नव्हती. यंत्र शून्यापासून मोजतं, साधी माणसं एकपासून मोजतात, म्हणून तिने आलेल्या आकड्यात एक मिळवला होता. शेजारी टीपही लिहिली होती: 'माणसं एकपासून मोजतात.' संगणकाच्या सरांनी त्या टिपेखाली 'उत्तम' असा शेरा दिला होता.

आणि जगात एकच अशी जागा होती जिथे साधी माणसंही शून्यापासून मोजत होती. तिची यादी नेमकी तिथेच गेली होती.

यादी सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. पहिले चार दिवस वॉर्डात ती कागदी तक्त्याशी ताडून पाहिली होती. पण ताडून पाहिल्या त्या गोळ्या. आणि गोळ्यांचे दिवस एकपासूनच मोजतात. सगळं जुळलं. मग कोणी ताडेना. गेल्या आठवड्यात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर जाता जाता म्हणाल्या होत्या, "काय जादू केलीस गं? तुझी यादी आल्यापासून खाटा लवकर रिकाम्या होतायत." धाकटीने ते वाक्य घरी तीनदा सांगितलं होतं.

आता ते वाक्य आठवलं आणि त्याचा अर्थ लागला.

"काय झालं?" कातर म्हणाली. "माझी दाढ गेली, चेहरा तुझा पडलाय."

"काही नाही. आले."

आजची यादी तिने सकाळी स्वतः पाहिली होती. सहा नंबरच्या खाटेवरचे कंडक्टरकाका. आतड्याचं ऑपरेशन, शुक्रवारी. पाचवा दिवस: पोटातली नळी काढणे. शुक्रवार शून्य, शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन. मंगळवार चार. तिने बोटांवर दोनदा मोजलं. चारच.

नळ्या काढायचं काम दुपारच्या जेवणाआधी, ड्रेसिंगच्या फेरीत होतं. म्हणजे साडेअकराच्या पुढेमागे. तिने खिशातून मोबाइल काढला. मोठ्या सिस्टरांचा नंबर त्यात होता. अंगठा त्या नावावर आला आणि तिथेच थांबला. फोन लावला की पलीकडून 'हं, बोल' असा आवाज येणार होता आणि मग बोलावं लागणार होतं. मोबाइल परत खिशात गेला.

ती लॅबकडे धावली. लॅब त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. वॉर्ड आठ मिनिटांच्या अंतरावर, रस्ता ओलांडून. नंतर तिला अनेकदा वाटलं की ते तिने ठरवलं नव्हतं, पायच तिकडे गेले. पण पाय एकटे जात नाहीत.

लॅबमध्ये चार मुलं आपापल्या पडद्यांत बुडालेली होती. एकाने मान न वळवता विचारलं, "काय गं सुई, कुणाला टोचायला निघालीस?" तिने उत्तर दिलं नाही. संगणक सुरू व्हायला दीड मिनिट लागलं. तिची फाइल उघडली. ती ओळ लगेच सापडली, कारण शेजारी टीप होती. तिने 'अधिक एक' खोडलं आणि फाइल जतन केली. पूर्ण एक श्वास भरून तिला बरं वाटलं. झालं. उद्या सकाळी सातला यादी बरोबर येईल. कोणाला कळणार नाही.

मग श्वास सोडताना उद्याची यादी तिच्या डोळ्यांसमोर आली. आज ज्यांचा पाचवा दिवस छापला होता, त्यांचा उद्या पुन्हा पाचवाच छापून येणार होता. वॉर्डातल्या प्रत्येक माणसाचा आजचा दिवस उद्या परत येणार. ज्या बाईला आज शेवटचं इंजेक्शन दिलं, तिला उद्या पुन्हा शेवटचं इंजेक्शन. आणि सकाळच्या पाळीतली नर्स, आदल्या दिवशीच्या नर्सला न भेटलेली, कागदावर लिहिलंय तसं करणार. चूक पुसली तरी तिची दुसरी खेप निघत होती.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा छत्तीस झाले होते.

या वेळी ती वॉर्डाकडे धावली. रस्ता ओलांडताना एका गाडीने करकचून ब्रेक मारला आणि चालकाने काच खाली करून तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ती थांबली नाही. जिना, वळण, औषधांचा वास, दुहेरी दार. अकरा चव्वेचाळीस.

दारातच तिला स्टाफ नर्स भेटली. हातात स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये गुंडाळलेली रबरी नळी.

"निघाली एकदाची," नर्स खुशीत म्हणाली. "काकांनी हूं की चूं केलं नाही. म्हणतात कसे, 'पुढे सरका, पुढे जागा आहे!'"

"डॉक्टरांना विचारलं होतं?"

"विचारलं की. सकाळच्या फेरीत छोट्या डॉक्टरांनी यादी बघितली. 'पाचवा ना? काढा,' म्हणाले. का गं? तू अशी का दिसतेयस?"

मोठ्या सिस्टर आपल्या खोलीत चादरींच्या मागणीवर सही करत होत्या. पन्नाशीच्या, अंगाने शिडशिडीत, तीस वर्षं उभ्याने काढलेल्या बाई. धाकटीला त्या 'ए संगणक' म्हणूनच हाक मारायच्या.

"बोल, संगणक."

"सिस्टर, सहा नंबरची नळी आज काढायची नव्हती. त्यांचा आज चौथा दिवस आहे. यादीत सगळ्यांचा एक दिवस जास्त आहे. पहिल्यापासून."

सिस्टरांनी सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं आणि उठून सहा नंबरचा कागदी तक्ता आणला. बोट ठेवून मोजलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग दुसऱ्या खाटेचा तक्ता. मग तिसऱ्या. चौथ्याला त्यांनी मोजणं थांबवलं.

"प्रिंटर बंद कर. भिंतीवरची यादी काढ. सगळे तक्ते माझ्या टेबलावर." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. सिस्टरांनी फोन उचलला आणि सर्जनला बोलावून घेतलं. मग कपाटातून लाल पुठ्ठ्याची जाड वही काढली. वॉर्डात काही विपरीत घडलं की त्या वहीत नोंद होते: काय घडलं, केव्हा घडलं, कोणाच्या केव्हा लक्षात आलं.

"नळी निघाली अकरा पस्तीसला," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. "तुला कळलं किती वाजता?"

धाकटीचं लक्ष पेनाच्या टोकाकडे गेलं. 'अकरा चाळीस' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटत होती. कळलं तेव्हा नळी निघालेली होती, धावत आले, उशीर झाला. कातरला वेळ आठवणार नव्हती. लॅबमधल्या मुलांनी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. तिच्या त्या वीस मिनिटांना साक्षीदार कोणीच नव्हतं.

"अगं, किती वाजता?"

"अकरा वीस."

पेन थांबलं. सिस्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुठे होतीस?"

"कँटीनमध्ये."

"तिथून इथे आठ मिनिटं. पस्तीसच्या आधी पोचत होतीस."

"आधी लॅबमध्ये गेले."

"कशाला?"

"प्रोग्राम दुरुस्त करायला. कोणाला कळू नये म्हणून."

"फोन नव्हता जवळ?"

"होता."

सिस्टरांनी ते सगळं लिहिलं. 'फोन होता' हे दोन शब्दसुद्धा. मग वही तिच्याकडे फिरवली. "वाच आणि सही कर."

सर्जन दहा मिनिटांत आले. काकांचं पोट दाबून पाहिलं, चार ठिकाणी, हळूहळू. "काय कंडक्टर, दुखतंय?" "दुखत नाही, गुदगुल्या होतायत. बस सोडा आता, घंटी मारलीय केव्हाची." सर्जन हसले, पण खाटेपासून दूर आल्यावर हसले नाहीत. आतडं जोडलेली जागा अजून ओली असेल तर आतलं पाणी आता बाहेर यायला वाट नव्हती. थांबून पाहायचं. दर पंधरा मिनिटांनी नाडी, दर अर्ध्या तासाला ताप.

"हिला बसवा," सिस्टर म्हणाल्या. "नाडी बघता येते हिला. तेवढी तरी शिकलीय आमच्याकडे."

बारा वाजता नाडी चौऱ्याऐंशी. सव्वाबाराला अठ्ठ्याऐंशी. काका गप्पा मारत होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही शेवटची बस चुकवली नाही, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. साडेबाराला ब्याण्णव. धाकटी बोटं मनगटावर ठेवायची, घड्याळाच्या काट्याकडे बघायची आणि मोजायची. पहिला ठोका एक धरायचा की शून्य, असा विचार मध्येच आला आणि ती मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

एक वाजता नाडी शंभर. काका गप्पा मारायचे थांबले होते. सव्वाला एकशे आठ, आणि ताप. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले होते.

काकांच्या बायको, काकू, स्टुलावर बसून बारापासून हे पाहत होत्या. "सव्वा तासात सहादा हात धरलास यांचा," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात मी एकदा धरला होता. काय झालंय ते कोणी सांगेल का?"

सर्जन आले होते, त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं. नळी एक दिवस आधी निघाली. आत पाणी साठतंय असं दिसतं. पुन्हा नळी घालावी लागेल, आत्ता. यादीत चूक होती.

"यादी कोणी केली?"

सर्जन काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "मी."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. धाकटीने खांदे आवळले, जणू आता काहीतरी अंगावर पडणार. तिला रडू येत होतं आणि इथे रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं.

"तू नर्स आहेस का?"

"शिकतेय. नर्सिंग आणि संगणक, दोन्ही."

"मग माझ्याकडे काय बघतेस," काकू म्हणाल्या, "घड्याळाकडे बघ. पंधरा मिनिटं झाली."

दीड वाजता काकांना खाली नेलं. बंद दाराबाहेरच्या बाकावर एका टोकाला काकू, एका टोकाला धाकटी. मध्ये दोन माणसांची जागा. दाराच्या वर एक दिवा होता, तो लाल असेपर्यंत आत काम चालू. धाकटीने त्या दिव्याकडे पाहत साठपर्यंत किती वेळा मोजलं याची गणती राहिली नाही. दर वेळी साठला पोचलं तरी दिवा लालच असायचा.

अडीचला सर्जन बाहेर आले. बरंच पाणी निघालं होतं. नळी बसली. ताप उतरेल असं वाटतं. आठवडाभर जास्त राहावं लागेल. "कदाचित उद्या काढली असती तरी हेच झालं असतं," ते काकूंना म्हणाले, मग धाकटीकडे पाहिलं. "कदाचित नसतं झालं. ते आता कोणालाच कळणार नाही."

तीन वाजता दोन्ही विभागांचे प्रमुख वॉर्डात हजर झाले. सिस्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि धाकटी बाहेर भिंतीला टेकून उभी होती.

"प्रोग्राम सांगितल्याप्रमाणे चालतो," संगणकाचे सर म्हणत होते. "दिवस कसे मोजायचे ही माहिती तुमच्याकडून यायला हवी होती."

"आमच्याकडे ती वर्गात दिली जाते," नर्सिंगच्या मॅडम म्हणाल्या. "तुमची विद्यार्थिनी वर्गात नव्हती."

"आमची? नाव तुमच्या पटावर पहिलं आहे."

"फी तुमच्याकडे भरलेली आहे."

"शुक्रवारी समिती बसेल, तिथे काय ते ठरवा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि आत्ता भांडायचं तर बाहेर बागेत भांडा. ही मुलगी मला हवी आहे. अकरा दिवसांत या यादीवर सतरा जण घरी गेलेत."

धाकटीने तो आकडा ऐकला. तोपर्यंत तिच्या डोक्यात फक्त सहा नंबरची खाट होती. सतरा जण, ज्यांचे टाके, नळ्या, पथ्य, सगळं एकेक दिवस अलीकडे आलं होतं. ज्यांच्या मनगटावर आज कोणाचं बोट नव्हतं.

सिस्टरांनी टेबलावर दोन फोन ओढले. सतरा नावांची यादी हाताने लिहिलेली होती. नऊ त्यांच्याकडे, आठ धाकटीकडे. सोबत एका चिठोऱ्यावर प्रश्न. ताप आहे का. पोट फुगलंय का. टाक्यांतून काही येतंय का. खातायत का. उठून चालतायत का.

"कोण बोलतंय विचारलं की गुळमुळीत उत्तर द्यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि आपला पहिला नंबर फिरवू लागल्या.

धाकटीचा पहिला नंबर लगेच उचलला गेला. एक गृहस्थ ठणठणीत होते आणि तिला वीस मिनिटं शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल सांगायच्या बेतात होते. दुसरी बाई बाजारात होती. "मी टाके विसरूनसुद्धा गेले, बाई!" तिसऱ्यांच्या टाक्यांतून थोडं पाणी येत होतं; सिस्टरांनी दुसऱ्या फोनवरून हात पुढे करून तोही फोन आपल्या कानाला लावला आणि त्यांना लगेच यायला सांगितलं. धाकटीने नावापुढे खूण केली.

चौथा नंबर. सत्तरीचे गृहस्थ, पित्ताशय, घरी जाऊन पाच दिवस. रिंग वाजत राहिली. थांबली. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. ती ठेवणार इतक्यात उचलला गेला.

"हॅलो?" बाईचा तरुण आवाज, कामातून आल्यासारखा; मुलगी असावी. "कोण? कुठून बोलताय?"

"शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून," धाकटी म्हणाली. "तुमच्या वडिलांची रोजची यादी मी केली होती. त्यात माझ्याकडून एका दिवसाची चूक झालीय. ते कसे आहेत, हे विचारायला फोन केला."

"चूक? म्हणजे काय? बाबा ठीक आहेत की. जेवून झोपलेत दुपारी." आवाज थोडा थांबला. "आज जरा जास्तच झोपलेत. थांबा हं, उठवून बघते."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. कुठेतरी एक दार उघडलं. शेजारी मोठ्या सिस्टरांनी आपला फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. धाकटीने फोन कानाशी घट्ट दाबून धरला आणि ती ऐकत राहिली.